लिफाफा

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळची सांगलीची, बावीस वर्षं शिकागोच्या उपनगरात राहते. माझी शेजारीण नर्स आहे, आयोवातल्या लूथरन ख्रिस्ती शेतकरी घरातली. सहा वर्षांपूर्वी ती मुसलमान झाली. लग्न नाही, मूलबाळ नाही; आई आणि दोन भाऊ गावी. मार्चमध्ये तिचे वडील गेले. ती गावी गेली, पाचव्या दिवशी परत आली आणि तेव्हापासून मिटून गेली आहे. मशिदीत जाणंही बंद. गेल्या आठवड्यात तिने मला एक चिकटवलेला लिफाफा दिला, 'मला काही झालं तर उघड' म्हणाली. तिचे वडील दोनदा आमच्याकडे जेवून गेले होते. कैरीचं लोणचं खाऊन लालबुंद झाले आणि जाताना बरणी मागून घेऊन गेले. मी हिंदू, मला त्यांच्यातलं काही कळत नाही. तिच्याशी काय बोलू? आणि या लिफाफ्याचं काय करू?"

ताई, आधी मी कोण ते सांगते. मी रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान. 1999 मध्ये लग्न होऊन शिकागोला आले आणि पुढे इथल्या रुग्णालयांत चॅप्लेन झाले. चॅप्लेन म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसायचं काम. औषधं देणारे दुसरे, प्रवचन देणारे तिसरे, आम्ही बसतो. गंमत म्हणजे नुसतं बसायला शिकायलाही 400 तासांचा एक टप्पा, असे चार टप्पे पुरे केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. शिवाय मशिदीच्या मयत कमिटीवर आहे. बायकांच्या मयतीला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालणाऱ्यांतली मी एक. तेव्हा तुमचा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याच दारात आला आहे.

लिफाफा जपून ठेवू नका. आजच चहाला बोलवा आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असंच, याच शब्दांत. जवळचं माणूस गेलंय, बोलणं तुटलंय आणि 'मला काही झालं तर' म्हणून कागद हातात दिलेत, अशा वेळी आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो आणि तो आडवळणाने विचारायचा नसतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. 'हो' म्हणाली, किंवा काहीच न बोलता खाली बघत राहिली, तर तिला एकटीला सोडू नका. 988 वर फोन लावा, ती अशाच वेळेसाठीची मदतवाहिनी आहे. 2022 पासून देशभर हा एकच नंबर आहे, रात्री दोन वाजताही उचलतात. तसं असेल तर माझं पुढचं लिहिणं नंतर वाचलंत तरी चालेल.

'नाही' म्हणाली तर पुढचं वाचा. माझा अंदाज आहे की लिफाफ्यात दफनाबद्दल काहीतरी आहे. वडिलांच्या शवपेटीशी उभं राहून तिने स्वतःची शवपेटी बघितली असणार.

मी आयोवात नव्हते. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांबरोबर अशा पाच-सहा अंत्यविधींना गेले आहे, त्यामुळे चित्र डोळ्यांपुढे येतं. फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सोय करणाऱ्या संस्थेत, आदल्या संध्याकाळी दर्शन. पेटी उघडी. वडिलांच्या चेहऱ्याला रंग लावलेला, केस विंचरलेले, अंगात लग्नकार्यातला कोट. तुमची मैत्रीण नर्स आहे. देह टिकवण्यासाठी रक्त काढून आत काय भरतात हे तिला नको इतकं माहीत. मनात येत असणार की यांना कुणी पाण्याने, हळू हाताने आंघोळ घातली असती तर. दुसऱ्या दिवशी चर्च. गाणी लहानपणापासून पाठ, ओठ आपोआप हलतात, मग लक्षात येतं आणि थांबतात. भाऊ हळूच म्हणतो, फोटोपुरता तो डोक्यावरचा रुमाल काढशील का, आईला बरं वाटेल. आणि मग चर्चच्या तळघरात जेवण, गावातल्या बायकांनी मायेने रांधलेलं: पावात हॅम, चीज घालून भाजलेले बटाटे आणि त्यातही हॅमचे तुकडे, थरथरणारी रंगीत जेली, जिच्यात बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन. तिच्या कागदी ताटलीत एक कोरडा पाव आणि काकडीचं लोणचं. शाळेत शिकवलेल्या बाई विचारतात, "काहीच घेतलं नाहीस?" आता उत्तर काय द्यायचं? खरं सांगावं तर वडिलांच्या मयतीत आपण स्वतःचंच पुराण लावल्यासारखं होतं. म्हणून "भूक नाही" म्हणायचं. असं दोन दिवस.

ती शिकागोला परत आली आणि शुक्रवारी मशिदीत गेली असेल, तर तिथे कुणीतरी, तेही बिचारं काळजीपोटी, विचारलं असणार: "वडिलांनी कलमा पढला होता का गं?" म्हणजे, मरण्याआधी ते मुसलमान झाले होते का.

ताई, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की मशिदीच्या दारावर पाटी लावावीशी वाटते. विचारणारीच्या मनात वाईट नसतं. पण ऐकणारीला कळतं ते एवढंच, की माझा बाप जाऊन आठवडा झाला नाही आणि हे त्याचा हिशोब लावायला बसले. मशीद बहुतेक तिथेच सुटली. खात्री नाही, पण दहातल्या सात वेळा कारण हेच निघतं. उरलेल्या तीन वेळा कुणीच काही विचारलेलं नसतं, आणि ते जास्त लागतं.

धर्माचा भाग थोडक्यात उरकते. मी मुफ्ती नाही, आणि तुम्हाला या वादात पडायचं कारणही नाही. तिने विषय काढला तर काय चाललंय हे कळावं म्हणून सांगते. कुरआनातल्या एका आयतीवरून (9:113) बहुतेक उलमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात की मुसलमान नसलेल्या माणसासाठी त्याच्या मृत्यूनंतर क्षमेची दुआ मागू नये. पाच वेळा नमाज पढणाऱ्या लेकीला याचा अर्थ काय होतो, ते बघा. रोज हात वर होतात आणि बापाचं नाव घ्यावं की नाही तेच कळत नाही. अशा वेळी मी तिला दुसऱ्या गोष्टी दाखवते, त्याही तितक्याच पक्क्या. पैगंबरसाहेब स्वतःच्या आईच्या कबरीवर गेले तेव्हा इतके रडले की बरोबरचेही रडायला लागले. एका यहुद्याचा जनाजा समोरून गेला तेव्हा ते उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, तो यहुदी होता, तर म्हणाले, तोही एक जीवच होता ना? पैगंबरसाहेबांच्या मेहुणी हजरत अस्मांनी त्यांना विचारलं, आई अजून मुसलमान नाही, तिच्याशी नातं ठेवू का? उत्तर आलं, ठेव. आणि इमाम गझाली, जे 1111 मध्ये वारले, त्यांनी लिहून ठेवलंय की ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही किंवा वेडावाकडा पोचला, त्यांच्याबाबत अल्लाच्या दयेची आशा ठेवावी. उदाहरण दिलंय ते त्यांच्या काळातल्या रूमच्या, म्हणजे बायझंटाइन साम्राज्यातल्या, ख्रिस्त्यांचं. एवढं सांगून मी गप्प बसते. दुःखात असलेल्या माणसाला उत्तर हवं असतं असं नाही. आपण रडलो यात काही चुकलं नाही, हे कुणीतरी सांगायला हवं असतं.

तुम्ही मात्र एक वाक्य टाळा. आपल्या मराठी माणसाच्या जिभेवर ते तयारच असतं: "शेवटी देव एकच ना!" तुमच्या मनात माया आहे, मला कळतं. माझ्या आईच्या शेजारच्या काकूही हेच म्हणायच्या आणि ईदला शिरखुर्म्याचा डबा हक्काने मागून न्यायच्या. पण तुमच्या मैत्रिणीने हा निर्णय घ्यायला फार मोल दिलंय. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर अवघडून बसली, ख्रिसमसला आईचं रडणं फोनवर ऐकलं, कामावर रुमालाबद्दलचे विनोद गिळले. तिला 'सगळं सारखंच' म्हणणं म्हणजे हे सगळं उगाच केलंस म्हणण्यासारखं आहे.

'धर्मांतर' हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो याचाही विचार करा. आपल्याकडे हा शब्द निघाला की एकतर 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर आठवतं, नाहीतर टीव्हीवरची भांडणं. दीक्षाभूमीवर लाखो लोक एकत्र होते. आई, आजी, चुलते, शेजारपाजार, वस्तीच्या वस्ती. परत घरी गेले ते सगळे मिळून. अमेरिकेत माणूस बहुतेक एकटाच जातो. एखाद्या शुक्रवारी नमाजानंतर कलमा पढतो, शंभर जण मिठ्या मारतात, पाच जायनमाज, म्हणजे नमाजाच्या चटया, आणि सात कुरआन भेट मिळतात, आणि तो संध्याकाळी ज्या घरी जातो तिथे यातलं कुणीच नसतं. अशी माणसं मूठभर आहेत असंही नाही. प्यू रिसर्चच्या 2017 च्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढ मुसलमानांपैकी साधारण पाचातला एक असा बाहेरून आलेला निघाला. आणि ही कालची गोष्टही नाही. मनिलामधला अमेरिकेचा कॉन्सल अलेक्झांडर रसेल वेब 1888 मध्ये मुसलमान झाला, 1892 मध्ये आपल्या मुंबईला येऊन तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांना भेटला, आणि 1893 मध्ये शिकागोच्या ज्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले त्याच परिषदेत इस्लामबद्दल बोलला. हे तिला सांगा हवं तर, तिला मजा वाटेल.

मशिदीतलं रोजचं जगणंही समजून घ्या. खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, इंग्रजीत होतो, पण नंतर बायकांच्या बाजूला गप्पा सुरू होतात त्या उर्दूत नाहीतर अरबीत. ती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहते. कुणी विचारतं, नवरा पाकिस्तानी का? नवरा नाही म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला स्थळ येतं. कुणी म्हणतं नाव बदल, खरं तर त्याची काही गरज नसते. रमजानात मोठ्या इफ्तारीला सगळे बोलावतात. पण मंगळवारी संध्याकाळी सूर्य मावळताना घरी एकटीने खजूर तोंडात टाकायचा आणि ओट्याशी उभं राहून सूप प्यायचं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. शिकागोत जूनचा रोजा सतरा तासांच्या आसपास जातो. मी तसे रोजे घरच्या गोंगाटात काढलेत, तरी शेवटचे दोन तास जड जायचे.

मी हे काम शिकले ते शिकागोच्या साउथ साइडच्या वयस्कर काळ्या बायकांकडून. त्यांच्यातल्या अनेकींचं घर एका बाजूने चर्चचं, एका बाजूने मशिदीचं. 1975 मध्ये वारिथ दीन मोहम्मद यांनी वडिलांची 'नेशन ऑफ इस्लाम' ही काळ्या मुसलमानांची संघटना सुन्नी इस्लामकडे वळवली तेव्हापासून तर पक्कंच. एक बहीण चर्चमध्ये गाणारी, दुसरी हिजाबवाली, आणि मयतीला दोघी एकमेकींचं जेवण सांभाळून करतात. काळ्या लोकांचे मुसलमान नेते माल्कम एक्स यांना पुरलं ती गोष्ट मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा नीट ऐकली. 1965 च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. अंत्यविधीला जागा मिळाली ती न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका चर्चमध्ये. पण त्याआधी एका शेखने देहाला गुसल घालून पांढऱ्या कफनात गुंडाळलं होतं. आणि कबरस्तानात, माती लोटायला पगारी माणसं उभी होती, तर मित्रांनी त्यांच्या हातातली फावडी घेतली आणि स्वतः माती दिली. त्यांच्यातली एक म्हातारी बाई मला म्हणाली होती, "बघ, इमारत कुठली होती ते कुणी विचारत नाही. फावडं कुणी घेतलं ते लोक सांगतात."

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण त्याशिवाय कागदांबद्दल मी इतकी हट्टी का आहे ते कळणार नाही.

अमेरिकेतली माझी पहिली मैत्रीण इंडियानाची, मेथडिस्ट घरातली. मी आले त्याआधी दोन वर्षं ती मुसलमान झाली होती. मशिदीत आम्ही दोघीच अशा, की बाकीच्यांचं बोलणं निम्मं कळायचं नाही. मी कोकणी, माझी उर्दू बेतास बात. तिने मला बर्फात गाडी चालवायला शिकवली, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. मुद्दाम घसरवायची आणि म्हणायची, आता ब्रेक सोड. माझी तांदळाची भाकरी ती शेंगदाण्याच्या बटरबरोबर खायची. माझे अब्बा खेडला वारले तेव्हा मी त्यांची मयत फोनवर ऐकली, पाहताही आली नाही. ती आली, स्वयंपाकघरात बसली, काही बोलली नाही. तीन तासांनी उठून भांडी घासली आणि गेली. दुसऱ्या दिवशी परत आली.

2009 च्या जानेवारीत तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. एक्केचाळीस वर्षांची होती. कागद म्हणून एकही नव्हता. तिचा माझ्यावर भरवसा होता, पण भरवशावर सही-शिक्का नसतो. कायद्याने निर्णय आईचा, आणि आई कुठे राहते हे मशिदीत एकालाही माहीत नव्हतं. ज्यांनी कलम्याच्या दिवशी मिठ्या मारल्या होत्या त्यांतल्या चाळीस जणांना मी फोन केले. तिच्या आईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, आणि लाज म्हणजे मलाही नव्हतं. फोन कुलूपबंद. शेवटी तिच्या ओट्याच्या खणात जुनं ख्रिसमस कार्ड सापडलं, आणि त्याच्या लिफाफ्याच्या कोपऱ्यात पत्ता. तोवर रुग्णालयाने आईला गाठलं होतं आणि देह एका फ्युनरल होमकडे गेला होता. रिवाजाप्रमाणे सकाळी रसायनं भरायची होती. आईने फोनवर 'हो' म्हटलं होतं, कारण तिला दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. मी सकाळी सात वाजता त्या बाईंना फोन लावला. वाटलं होतं भांडण होईल. त्या एवढंच म्हणाल्या, "मला तिला बघायचंय." मी म्हटलं, या, आम्ही थांबतो. बर्फातून चार तास गाडी चालवत आल्या.

गुसलची खोली म्हणजे एक स्टीलचं टेबल, नळाला लावलेली रबरी नळी, बादलीत बोरीच्या पाल्याची पूड मिसळलेलं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. देह सतत चादरीखाली झाकलेला. चादरीच्या आतून हात घालून धुवायचं, उजवीकडून सुरुवात, तीनदा, लागलं तर पाचदा. आम्ही चौघी होतो. आई दाराबाहेर खुर्चीवर. पाणी झालं, पुसून झालं, आणि केसांची वेळ आली. बाईच्या केसांच्या तीन वेण्या घालून मागे सोडतात. पैगंबरसाहेबांच्या लेकीच्या घातल्या होत्या तशा. माझ्या हातात फणी होती आणि हात चालेना. मी दार उघडून त्या बाईंना विचारलं, तुम्ही घालाल का? त्या आत आल्या, पर्स खाली ठेवली, अंगठ्या काढल्या. तीन तिपेडी वेण्या घातल्या. एकदाच विचारलं, "किती घट्ट?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "शाळेत जाताना सैल घातलेली आवडायची नाही तिला."

नंतर मशिदीत एकाने मला विचारलं, मुसलमान नसलेल्या बाईला आत कसं घेतलंत? मी म्हटलं, गुसल आम्ही घातला, वेण्या आईने घातल्या. तुमची हरकत आईला जाऊन सांगा. तो काही गेला नाही.

बाईचं कफन पाच कापडांचं असतं. सगळ्यात बाहेरच्या चादरीला काय म्हणतात सांगू? लिफाफा.

तेव्हा तुमच्याकडचा लिफाफा आता तिच्यासमोर उघडा. बंद लिफाफा कायद्याच्या दृष्टीने बहुतेक निरुपयोगी असतो. आत नुसतं हाताने लिहिलेलं पत्र असेल, तर ऐन वेळी निर्णय आईचाच. आई प्रेमानेच तिला आयोवाला नेईल आणि वडिलांच्या शेजारी ठेवेल. कुणाचंच चुकणार नाही आणि तरी तिच्या मनासारखं होणार नाही. आमच्या इलिनॉयमध्ये देहाचं काय करायचं हे ठरवायचा हक्क सगळ्यात आधी त्या माणसाचा, ज्याला आपण लेखी नेमलंय. मग मृत्युपत्रातला व्यवस्थापक, नवरा-बायको, सज्ञान मुलं, आईवडील, असं खाली येत जातं. त्या नेमणुकीचा राज्याचा ठरलेला नमुना आहे. त्यावर नोटरीसमोर केलेली तिची सही आणि नेमलेल्याची सही असायला हवी. दुसरा कागद आजारपणातल्या निर्णयांच्या मुखत्यारपत्राचा. त्याला साक्षीदार चालतो. दोन्ही कागदांत एकच माणूस नेमलेला बरा. आणि हे मृत्युपत्रात लिहून ठेवते म्हणाली तर नाही म्हणा. मृत्युपत्र लोक मयत उरकल्यावर उघडतात. मृत्युपत्र हवंच, पण पैशांसाठी. शरियतच्या वाटणीत मुसलमान नसलेल्या आईला आपोआप हिस्सा येत नाही. मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत देता येतं, आणि ते बहुतेकींना माहीतच नसतं.

नेमायचं कुणाला? तुम्हाला. माणूस मुसलमान असायला हवा अशी कायद्याची अट नाही. मी म्हणेन की फोन उचलणारा आणि थोडा भांडखोर असावा. तुमचं पत्र वाचून दोन्ही जमेलसं वाटतं. पर्यायी म्हणून मशिदीच्या मयत कमिटीतली एखादी बाई. बाकीचं काम कमिटी करते, तुम्हाला फक्त दोन-तीन गोष्टी ठामपणे सांगायच्या असतात. देहात रसायनं भरायची नाहीत. ते कायद्याने सक्तीचं आहे असं खोटं सांगायला फ्युनरल होमला 1984 पासून केंद्राच्या नियमाने मनाई आहे. पेटी साधी. कबरीतली सिमेंटची पेटी हा कबरस्तानचा नियम असतो, राज्याचा नाही. मुसलमानांच्या भागात ती बहुधा बिनतळाची, उलटी बसवतात, म्हणजे देह मातीला टेकतो. आणि खर्च आधी विचारा. नेहमीच्या अमेरिकन दफनविधीचा मधला आकडा 2023 मध्ये 8,300 डॉलरच्या घरात होता, कबरीची जागा वेगळी. आमच्या पद्धतीत बरंच वाचतं, पण जागेचे पैसे आधी भरलेले असले तर त्या दिवशी कुणाला वर्गणी काढावी लागत नाही. नोटरी बँकेत खातेदाराला बहुधा फुकट मिळतो.

मुहम्मद अली यांनी आपल्या मयतीचा सगळा बेत काही वर्षं आधीच ठरवून ठेवला होता. 2016 च्या जूनमध्ये लुईव्हिलमध्ये एका दिवशी जनाजा, दुसऱ्या दिवशी सगळ्या धर्मांची माणसं बोलवून स्मरणसभा. हे उदाहरण तिला द्या. कागद केले म्हणजे मरण जवळ आलं असं नाही. तिला त्या कागदांत आईसाठीही एक ओळ घालायला सांगा: आईने काय करावं. वेण्या घालाव्यात, गाणं म्हणावं, काहीही. आणि हे आईला तिने स्वतः, जिवंतपणी, फोनवर नाही तर समोर बसून सांगायचं. त्यासाठी तिला आयोवाला जावं लागेल. एकटीला पाठवू नका. सहा-सात तासांची गाडी आहे, तुम्ही बरोबर जा.

मशिदीत परत जायचं का, ते तिचं ती ठरवेल. तिला जायचं असेल पण पाय उचलत नसेल, तर एकदा तुम्ही बरोबर चला. डोक्यावर ओढणी घ्या, मागे बसा. तुम्हालाही काही कळणार नाही, तिला सोबत होईल. रमजानात सूर्यास्ताच्या वेळेला आठवड्यातून एकदा तिच्या दारात डबा घेऊन उभ्या राहा. हलालची धास्ती घेऊ नका. तुमचं वरण-भात, भाजी, पोळी सगळं चालतं.

आता त्या लोणच्याकडे येते. तुमच्या पत्रात ते जाता जाता आलंय, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं ते आहे. शिकागोतल्या मशिदीत तिच्या बापाला कुणी पाहिलेलं नाही. आयोवातल्या चर्चमध्ये तिचा नमाज कुणी पाहिलेला नाही. त्यांना जेवायला वाढलेलं, त्यांचा लाल झालेला चेहरा पाहिलेला आणि पहाटे तिच्या खिडकीत लागलेला दिवाही पाहिलेला, असं माणूस तिच्या आयुष्यात बहुधा तुम्ही एकट्याच. सांत्वन करू नका, त्यांच्याबद्दल बोला. बरणी संपल्यावर परत मागितली होती का? गाडीत सांडली का? तिच्या आईने वास घेऊन काय म्हटलं?

नवी बरणी टेबलावर ठेवा, चहा ओता. तुमचा पहिला प्रश्न विचारून झाला, तिने 'नाही' म्हटलं, की लिफाफा बाजूला सरकवा आणि विचारा, त्या दिवशी चर्चमध्ये जेवायला काय काय होतं आणि तू काय खाल्लंस.